‘नंतर करू’ हे बटण

गेल्या पावसाळ्यात आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सर्जनचा रात्री फोन आला. “अरे, सगळं गेलं,” एवढेच ते म्हणाले. मला वाटले घरात कुणाचे काही झाले. गाडी काढून गेलो. घरात सगळे ठणठणीत होते, आजारी होता तो टेबलावरचा संगणक. तीस वर्षांत काढलेले शस्त्रक्रियांचे फोटो, विद्यार्थ्यांसाठीच्या स्लाइड, मुलीचे लग्न, चार वर्षांपूर्वी गेलेल्या पत्नीचे फोटो. फायली जागच्या जागी दिसत होत्या, पण प्रत्येकीच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरे चिकटली होती आणि एकही उघडत नव्हती. सोबत एक चिठ्ठी होती : किल्ली हवी असेल तर ९८० डॉलर, ७२ तासांत दिले तर निम्मे.

हा रोग ओळखीचा आहे. फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या या व्हायरसला रॅन्समवेअर म्हणतात. घरगुती संगणकांत त्याचे ‘स्टॉप’ नावाचे कूळ बरेच आढळते आणि ते येते बहुधा फुकटच्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरमधून. इथेही तेच झाले होते. नातवाने फोटो सजवण्याचे एक महागडे सॉफ्टवेअर कुठूनतरी फुकट उतरवले. सोबतच्या सूचनांत पहिली ओळ होती, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ त्याने केला. रुग्णाची प्रतिकारशक्ती आपणच दाबायची आणि मग लेबल नसलेल्या बाटलीतले इंजेक्शन टोचायचे, असा हा प्रकार. पोराला मी फारसा दोष देत नाही. त्या संगणकातले विंडोजच मुळात दुकानदाराने ‘तसेच’ टाकून दिले होते आणि अपडेट बंद ठेवा असे बजावलेही होते. घरातल्या मोठ्यांनी ते मान्य केले होते.

“सर, बॅकअप?” मी विचारले.

“होता रे. ती काय, काळी डिस्क. तोही गेला.”

डिस्क संगणकाच्या मागे वायरने लटकत होती. विकत आणल्या दिवसापासून ती तिथून निघालेलीच नव्हती. व्हायरसच्या दृष्टीने ती वेगळी वस्तू नसते. संगणकाला जे जे जोडलेले, ते सगळे त्याचेच. गोवराचा रुग्ण ज्या खोलीत, त्याच खोलीत दुसरे मूल झोपवावे आणि याला आम्ही वेगळे ठेवले होते म्हणावे, तसे हे. इतके सावध, हिशेबी गृहस्थ. शस्त्रक्रियेनंतर बोळे स्वतः मोजल्याशिवाय पोट न शिवणारे. त्यांना हे कुणी सांगितले नव्हते. मीही नाही.

घरी आलो आणि आधी माझा संगणक पाहिला. शेवटचे अपडेट चौदा महिन्यांपूर्वीचे! कारण आठवले. एका परिषदेच्या आदल्या रात्री स्लाइड करत असताना तो अपडेटसाठी मध्येच बंद होऊन सुरू झाला होता आणि वैतागून मी अपडेट कायमचे बंद करून घेतले होते. त्याआधीही ‘नंतर करू’ हेच बटण दाबत आलो होतो. ओपीडीत बाळाचा पुढचा डोस चुकवणाऱ्या आईला मी काय ऐकवतो, ते इथे लिहीत नाही.

अपडेटची भीती मात्र निराधार नाही, हे कबूल करायला हवे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १०च्या एका मोठ्या अपडेटने काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांत थांबवावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते सॉफ्टवेअर कंपन्या-संस्थांसाठीचे, त्यामुळे घरचे संगणक वाचले. पण लोकांच्या मनात बसले ते ‘अपडेटने बिघडतं’ एवढेच.

आता दुसरे पारडे पाहा. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या आणि सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या असाव्यात, असा तिथल्या लेखापरीक्षकांचा अंदाज आहे. तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. जवळपास दोन महिने आधी! लस फ्रिजमध्ये होती, टोचली नव्हती. आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि दोनेक आठवडे केसपेपरपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंत सगळे हाताने लिहावे लागले. सरकारी रुग्णालयात उभी हयात गेलेल्या माणसाला त्या रांगा डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडत नाहीत.

म्हणून माझे मत असे : अपडेटला दुष्परिणाम असतात, लसीलाही असतात, आणि दोन्हीकडे धोक्याचे माप न घेता नुसती भीती बाळगणे महागात पडते. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा-अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे त्या रात्री उशिरा. ती आठवड्याच्या आत घ्यावीत. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती मात्र महिनाभर थांबून घेतली तरी चालते, तोवर तिचे दोष बाहेर आलेले असतात. आणि अपडेट फसले काय किंवा व्हायरस आला काय, वाचवणारी गोष्ट एकच, संगणकापासून तोडून ठेवलेली प्रत. माझी डिस्क आता कपाटात, रेशनकार्डाच्या शेजारी असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाहेर येते, प्रत होते, वायर काढली की परत कपाटात. दर खेपेला एखादी जुनी फाइल तिच्यावरून उघडून पाहतो. न उघडणारा बॅकअप हा मुदत संपलेल्या औषधासारखाच.

अँटिव्हायरस एकच पुरे, विंडोजसोबत येणाराही चालतो. दोन घातले तर ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात (दोन डॉक्टरांची औषधे एकदम घेणारे रुग्ण आठवा). जुन्या संगणकावर विंडोज १० असेल तर त्याची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. नोंदणी करणाऱ्यांना वर्षभराची जादा मुदत आहे, पण कधीतरी नव्याचा विचार करावाच लागेल. आणि पेनड्राइव्ह! झेरॉक्सच्या दुकानात, सेमिनार हॉलमध्ये, दहा संगणकांत घालून तोच घरी लावायचा, ही खोड मला माझ्याच व्यवसायातली एक जुनी लाजिरवाणी गोष्ट आठवून देते. एके काळी एकच सुई उकळून दिवसभर वापरली जायची. निदान उकळायचे तरी. छपाईसाठी फाइल ईमेल करावी, हे उत्तम.

संकट आलेच तर आधी इंटरनेट तोडा. खंडणी देऊ नका, पैसे दिले म्हणून किल्ली मिळेलच असे नसते. १९३० या क्रमांकावर तक्रार करा. आणि फायली पुसून टाकण्याची घाई करू नका. युरोपोल, डच पोलीस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर अनेक कुलपांच्या किल्ल्या फुकट मिळतात. सगळ्यांच्या नाही.

सरांनी पैसे दिले नाहीत. मुलीच्या लग्नाचे काही फोटो नातेवाइकांच्या मोबाइलमधून गोळा झाले, स्लाइड काही जुन्या विद्यार्थ्यांकडे सापडल्या. ती काळी डिस्क त्यांनी पाकिटात घालून, वर तारीख लिहून ठेवली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी माझी प्रत काढून झाली की मी त्या संकेतस्थळावर एकदा पाहतो आणि त्यांना फोन करतो. अजून तरी त्यांच्या कुलपाची किल्ली तिथे आलेली नाही.