वेताळ, चलनवेग आणि कुलूपबंद कपाटे

आपल्याकडे वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाविषयी चिंता व्यक्त करण्याचे काही ठरावीक दिवस आहेत. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन येतो आणि मध्ये कोठेतरी साहित्य संमेलन भरते. त्या त्या दिवशी व्यासपीठावरून थोर ग्रंथांची नावे घेतली जातात, आजची मुले वाचत नाहीत असा निष्कर्ष एकमताने संमत होतो आणि सभा चहापानासाठी उठते. चिंता खोटी नाही. ग्रामीण भारतातील शालेय मुलांच्या वाचनक्षमतेची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार इयत्ता दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी पाचवीतील मुले २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती. २०२२ मध्ये ती ४२.८ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरली. म्हणजे पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना आजही साधा परिच्छेद सलग वाचता येत नाही. हा आकडा साहित्याच्या अभिरुचीचा नव्हे, वाचनाच्या सरावाचा आहे. आणि सराव थोर ग्रंथांनी होत नसतो. तो कशाने होतो, याचा विचार करू लागले की ज्यांचे नाव कोणत्याही व्यासपीठावर घेतले जात नाही अशा पुस्तकांची आठवण होते.

प्रस्तुत लेखकाचे बालपण इंदापूर तालुक्यातील बावडा या गावी गेले. नीरा नदीच्या अलीकडे बावडा, पलीकडे सोलापूर जिल्ह्यातील अकलूज. भोवती ऊस आणि आषाढीच्या सुमारास तुकोबांच्या पालखीची वाट. १९८० नंतरच्या दशकात या गावात पुस्तकांचे दुकान असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही आमच्या पिढीतील कित्येक मुलांकडे पत्र्याच्या पेटीत, कोणाच्या कणगीमागे, कोणाच्या गोठ्याच्या माळ्यावर ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा साठा असे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ही माला सुरू केली, तेव्हा एका अंकाची किंमत साठ पैसे होती. पुढे ती मासिकाची पाक्षिक झाली, पाक्षिकाची साप्ताहिक झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. आमच्या हाती येणारे अंक बहुधा आमच्याहून वयाने मोठे असत. वालचंदनगरसारख्या कारखान्याच्या वसाहतीत, जेथे महिन्याच्या महिन्याला पगार होई, तेथे ते नवे विकत घेतले जात. मग ते नात्यागोत्यातून, सुट्टीतील पाहुण्यांच्या पिशवीतून, रद्दीवाल्याच्या तराजूतून गावोगाव झिरपत. कव्हर नसलेले, पहिली दोन पाने गेलेली, शेवटच्या पानावर कोणी तरी गणिते सोडवलेली, अशा अवस्थेत ते बावड्यास पोहोचत. गोष्टीचा शेवट हरवलेला असला तर तो आम्ही आपापसांत ठरवीत असू. त्यावरून भांडणेही होत.

या अंकांचा नायक वेताळ. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ मध्ये जादूगार मँड्रेक आणि १९३६ मध्ये फँटम निर्माण केला. त्या फँटमला मराठीत वेताळ म्हणावे असे ज्याला सुचले त्याच्या भाषाज्ञानाचे कौतुक करावेसे वाटते. गावकुसाबाहेरचा शेंदूर फासलेला दगड हा आमचा पहिला वेताळ. ‘चांदोबा’त विक्रमाच्या पाठीवर बसून त्याला पेचात टाकणारा दुसरा. त्यामुळे कवटीच्या गुहेत राहणारा, पिढ्यान्पिढ्या मरूनही न मरणारा हा तिसरा वेताळ आम्हांला परका वाटला नाही. अतिमानवी शक्ती त्याच्याकडे खरे म्हणजे नव्हतीच. होती ती एक कवटीची अंगठी, एक घोडा, एक लांडगा आणि तो अमर असल्याची अफवा. प्रशासन चालवण्यास एवढी सामग्री पुरते, हे पुढे नोकरीत अनेकदा दिसून आले.

आता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील जी गोष्ट महत्त्वाची वाटते, ती सांगतो. अर्व्हिंग फिशर याने १९११ मध्ये मांडलेले चलनाचे समीकरण पदवीच्या वर्गात आम्ही दरवर्षी शिकवतो. बाजारातील उलाढाल केवळ चलनाच्या राशीवर अवलंबून नसते. एकच नोट वर्षातून किती हात बदलते, या चलनवेगावरही ती अवलंबून असते. बावड्यातील कॉमिक्सची राशी अगदी तुटपुंजी होती. सारा साठा एकत्र केला असता तर एक पोते भरले नसते. परंतु त्याचा वेग विलक्षण होता. एक अंक सकाळी एका आळीत, मधल्या सुट्टीत दुसऱ्या मुलाच्या दप्तरात, संध्याकाळी पाटाच्या कडेला तिसऱ्याच्या हाती. दोन फाटक्या अंकांना एक कव्हरवाला, वेताळाच्या एका अंकाला मँड्रेकचे दोन, असे विनिमयाचे दर ठरलेले होते. सुट्टीत कोणी दोरीवर अंक टांगून ते दहा-पंधरा पैशांत बसून वाचायला देई. ग्रेशॅमचा नियमही आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी अनुभवला होता. ज्यांच्याकडे कोरे करकरीत, क्रमवार लावलेले अंक होते ते कधी कोणाला देत नसत. फिरत ते फाटकेच. आज त्या काळचे काही दुर्मिळ अंक संग्राहक हजारो रुपयांना घेतात, ते अर्थातच न फिरलेले अंक होत. त्यांनी किती मुलांना वाचायला शिकवले असेल याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

कारण शिकवण्याचे काम फाटक्या अंकांनी केले. उसाच्या हंगामात कारखान्याच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडत. त्यातील मुले सहा-सहा महिने शाळेपासून तुटलेली असत. अशा एका मुलाशी आमची अंकांची देवघेव होती. देण्यासारखे त्याच्याकडे काही नसे, तो उसाची कांडी आणून देई. त्याला वाचता येत नव्हते. चित्रांवरून तो संपूर्ण गोष्ट सांगे आणि पुष्कळदा ती छापील गोष्टीपेक्षा सरस असे. मात्र एखाद्या चौकटीत नायक तोंडाने काय म्हणतो आहे हे त्याला कळेना, तेव्हा तो फुग्यावर बोट ठेवून विचारी, ‘यात काय लिव्हलंय?’ हंगाम संपेपर्यंत लहान फुगे तो स्वतः वाचू लागला होता. पुढे त्याचे काय झाले ते ठाऊक नाही. गाड्या गावाकडे परतल्या आणि पुढच्या वर्षी दुसरी टोळी आली. निरक्षर मुलाला आत घेणारे आणि आत आल्यावर अक्षराची गरज भासवणारे असे दुसरे छापील साधन त्या परिसरात नव्हते. पाठ्यपुस्तक प्रथम अक्षर मागते, मग गोष्ट देते. येथे व्यवहार उलटा होता.

वडीलधाऱ्यांचा या वाचनाला कडाडून विरोध असे. कॉमिक्स सापडले की ते चुलीत जाई. हा विरोध केवळ आपल्याकडचा नव्हता. १९५४ मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक वेर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात असे प्रतिपादणारे पुस्तक लिहिले, सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी घाईघाईने स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. ती संहिता २०११ मध्ये पूर्णपणे लयाला गेली. पुढील संशोधनात वेर्थॅमच्या पुराव्यांतील मोडतोडही उघडकीस आली. तथापि वेताळकथांवरील एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो आपल्या वडीलधाऱ्यांना कधी सुचला नाही. एक गोरा पुरुष एकवीस पिढ्या आफ्रिकेच्या जंगलातील कृष्णवर्णीयांवर पितृवत सत्ता गाजवतो आणि ते त्याला देव मानतात, हा त्या कथांचा पाया होता. भारतीय आवृत्तीत त्या प्रदेशाचे नाव बदलून ‘डेंकाली’ करण्यात आले. पाया बदलला नाही. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ याच मालेत आला. डाकूचा मुलगा, अंगात कुर्ता आणि जीन पँट, आणि गावकऱ्यांना संघटित करून डाकूंशी सामना करणारा. त्याला मुखवटा नव्हता. नायकाने लोकांचे रक्षण करण्याऐवजी लोकांना आपले रक्षण करण्यास शिकवावे, ही कल्पना एका साप्ताहिक चित्रकथेतून खेड्यापाड्यांत पोहोचली, याची नोंद आपल्या समीक्षेने घ्यावयास हवी होती.

त्यानंतर हिंदीतील नागराज १९८६ मध्ये आणि सुपर कमांडो ध्रुव १९८७ मध्ये आले. लिपी एकच असल्यामुळे बावड्याच्या मुलांना हिंदी विषय पाचवीत सुरू होण्यापूर्वीच हिंदी वाचता येऊ लागली होती. मराठीत काय होते? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, फुरसुंगीचा, सायकलवरचा, अस्सल आपला. पण तो शब्दांतला. १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये चिंटू आला आणि घराघरांत रुळला, पण तो रोजच्या तीन-चार चौकटींतला. मुलांनी जमवावे, अदलाबदल करावी, उशाखाली लपवावे असे स्वस्त, सलग, मराठी चित्रकथेचे नियतकालिक मात्र टिकले नाही.

याचे कारण मराठी माणसाच्या उदासीनतेत शोधण्याची आपल्याला सवय आहे. कारण त्याहून रोखठोक आहे. चित्रकथेचा स्थिर खर्च मोठा असतो. चित्रकार, रंग, छपाईची पूर्वतयारी यांवरील खर्च एक प्रत काढा वा लाख काढा, तेवढाच. इंद्रजालला तयार चित्रे परदेशी सिंडिकेटकडून मिळत आणि तीच चित्रे अनेक भारतीय भाषांत फुग्यांतील मजकूर बदलून वापरता येत. १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेल्या आणि १९५२ मध्ये मराठीत आलेल्या चांदोबाचे गणितही तेच. मद्रासमध्ये काढलेले एक चित्र डझनभर भाषांचा खर्च वाहत असे. एकट्या मराठी प्रकाशकाला हा भार पेलणे कठीण, आणि पेलला तरी पुस्तकाची किंमत शंभर-दीडशेच्या पुढे जाते. त्या किमतीचे पुस्तक पुण्यातील दिवाणखान्यात जाईल. पाटाच्या कडेला जाणार नाही. गेलेच तर घरचे त्याला प्लास्टिकचे वेष्टन घालतील आणि कोणाला देऊ नको म्हणून बजावतील.

ज्या वस्तूचा स्थिर खर्च मोठा आणि सामाजिक लाभ व्यापक असतो, तिचे उत्पादन सार्वजनिक संस्थेने करावे, हे अर्थशास्त्राचे जुने तत्त्व आहे. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या आणि लाखोंच्या संख्येने पाठ्यपुस्तके छापणाऱ्या बालभारतीइतकी या कामास योग्य संस्था दुसरी नाही. तिचेच ‘किशोर’ मासिक १९७१ पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्याच यंत्रणेने वर्षाला पंचवीस-तीस चित्रकथा साध्या कागदावर, टाचणी मारून, दहा-पंधरा रुपयांत काढाव्यात. नायक मुखवट्याचा असो वा बिनमुखवट्याचा, त्याबाबत समित्यांनी फार खल करू नये.

परंतु छापून पाठवलेली पुस्तके मुलांपर्यंत जातात काय? येथे शिक्षक आणि लेखनिक वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. कित्येक शाळांत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील कुलूपबंद कपाट. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून शासकीय शाळांच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांचे अनुदान ठरलेले आहे. तेव्हा राशी अगदीच शून्य आहे असे म्हणता येत नाही. शून्य आहे तो वेग. याचा दोष शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पुस्तक जडवस्तू नोंदवहीत चढले की ते टेबल-खुर्चीच्या पंक्तीत बसते. ते हरवले तर जबाबदारी शिक्षकाची, फाटले तर निर्लेखनासाठी प्रस्ताव, प्रस्तावासोबत यादी, यादीवर सह्या आणि लेखापरीक्षणात शेरा आला तर वसुलीची धास्ती. दहा रुपयांच्या पुस्तकासाठी हा ताप कोण ओढवून घेईल? कुलूप हा अशा परिस्थितीतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय ठरतो. खडू मात्र आपण खर्ची घालतो. खडू झिजला याचा हिशेब कोणी मागत नाही, कारण तो झिजण्यासाठीच आणलेला असतो.

मुलांच्या हातात आज मोबाइल आहे, आता फाटक्या चित्रकथा कोण वाचणार, असे कोणी म्हणेल. मोबाइलमधील चित्र हलते आणि बोलतेही, म्हणूनच तेथे बोट ठेवून ‘यात काय लिहिले आहे’ असे विचारण्याची वेळ येत नाही. छापील फुगा मुका असतो; त्याला आवाज मुलाला द्यावा लागतो. शिवाय खेड्यातील घरात मोबाइल एक, तोही बापाच्या खिशात, हे चित्र अजून सर्वत्र पालटलेले नाही.

म्हणून शिक्षण विभागाकडे मागणी एवढीच आहे की ठरावीक किमतीखालील, समजा पन्नास रुपयांखालील, बालपुस्तके जडवस्तू नोंदवहीतून वगळून उपभोग्य साहित्यात धरावीत आणि ग्रंथालय अनुदानाचा निश्चित हिस्सा दरवर्षी त्यावर खर्ची घालण्याची मुभा शाळेला द्यावी. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी कपाटातील पुस्तके मोजण्याबरोबरच त्यांपैकी किती फाटली हेही विचारावे. जेथे एकही फाटलेले नाही तेथे स्पष्टीकरण मागावे. यासाठी विधिमंडळात कायदा करावा लागत नाही, अर्थसंकल्पात नवी तरतूद लागत नाही. एक परिपत्रक पुरते. शाळा जूनमध्ये उघडतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. परिपत्रक मेअखेर निघाले तर पहिल्या सत्रात पुस्तके वर्गावर्गांत पोहोचतील आणि हंगाम सुरू होईपर्यंत त्यांची कव्हरे निघालेली असतील.