शब्दांचा जकातनाका

बी.बी.ए. आणि बी.सी.ए. हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले आणि त्यांच्या प्रवेशासाठी राज्य सरकारने सामाईक परीक्षा लादली. २०२४ च्या त्या पहिल्या परीक्षेत शंभरांपैकी चाळीस प्रश्न इंग्रजी भाषेचे होते. उरलेले साठही इंग्रजीतूनच सोडवायचे. बारामती-इंदापूर भागात मराठी माध्यमातून बारावी झालेल्या मुलामुलींपुढे हा नवा जकातनाका उभा राहिला.

बारावीला इंग्रजी अनिवार्यच आहे. ती परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या चाळणीतून पुन्हा का काढावे? हिशेबात चोख असलेल्या भवानीनगरच्या मुलीला एखादा अवघड इंग्रजी शब्द ओळखता आला नाही, म्हणून ती संगणक शिकण्यास अपात्र कशी ठरते? असा शब्द उसाच्या फडात कानांवर पडत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या घरात तो फुकट मिळतो. इतरांना शिकवणीवर्गात विकत घ्यावा लागतो. गुणवत्तेच्या नावाखाली येथे मोजली जाते ती बापाची ऐपत. (गुणवत्ता हा शब्द आपल्याकडे बहुधा अशाच कामाला जुंपला जातो.)

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच दुखणे मांडले होते : तिजोरी भरते रयतेच्या घामाने, उच्च शिक्षणाचा लाभ घेतात वरचे वर्ग. साखरपट्ट्यातील कित्येक शिक्षणसंस्था शेतकऱ्यांच्या ऊसबिलांतील कपातीवर वाढल्या. ज्याच्या पैशाने इमारत बांधली, त्याच्याच मुलाला आता दारात अडवले जात आहे.

इंग्रजीशी वैर नाही. फुले स्वतः इंग्रजी विद्येचे पुरस्कर्ते होते. शिवाय ‘अंग्रेजी हटाव’च्या घोषणा देऊन आपली मुले कॉन्व्हेंटात धाडणारे पुढारी समाजवाद्यांनीही पाहिले आहेत, ती दांभिकता पुन्हा नको. इंग्रजी अवश्य शिकवावी, पण प्रवेश दिल्यावर आणि महाविद्यालयाच्या खर्चाने.

मराठीतून परीक्षा घेता येत नाही, ही सबबही लटकी आहे. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ २०१७ पासून मराठीतून देता येते. राज्याच्याच विधी सीईटीची प्रश्नपत्रिका मराठीतही असते. डॉक्टर आणि वकील होऊ पाहणाऱ्यांना चालणारी मराठी बी.बी.ए.लाच का बाटवते?

प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत द्यावी आणि इंग्रजीचे गुण गुणवत्ता यादीत धरू नयेत, असा ठराव पक्षाच्या दोन्ही तालुका समित्यांनी गावोगावच्या ग्रामसभांपुढे न्यावा आणि ऊसबिलातून शिक्षणनिधी कापणाऱ्या कारखान्यांच्या वार्षिक सभांतही मांडावा.