वारा फुकट, वाट महाग

१/ ‘डिझेलवर चालणाऱ्या पवनचक्क्या’ हे चित्र आपल्या इतिहासप्रेमी गटांतही अधूनमधून फिरते आणि त्याखाली हशा पिकतो. चित्रामागील घटना खरी आहे. तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र खोटा आहे. त्याला उत्तर देणारे पवनऊर्जेचे भाटही इतिहास तितकाच अर्धवट सांगतात. हा धागा या दोघांच्याही विरोधात आहे.

२/ प्रथम घटना. जर्मनीच्या बोर्कुम बेटाजवळ, उत्तर समुद्रात, ‘रिफगाट’ हा १०८ मेगावॅटचा प्रकल्प आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात त्याच्या तीसही पवनचक्क्या उभ्या राहिल्या, परंतु किनाऱ्यापर्यंतची केबल तयार नव्हती. खाऱ्या हवेत यंत्रे गंजू नयेत म्हणून डिझेल जनित्रांच्या विजेवर ती चालती ठेवावी लागली. केबल जोडली गेली ती फेब्रुवारी २०१४ मध्ये.

३/ केबल का रखडली? तिच्या मार्गात समुद्रतळावर दुसऱ्या महायुद्धातील दारूगोळा पडलेला होता. तो शोधून, हलवून, निकामी करूनच पुढे जाणे शक्य होते. १९४५ साली संपलेल्या युद्धाने २०१३ सालची वीज अडवली! हशा पिकवणाऱ्यांनी या प्रसंगातील इतिहासच तेवढा वगळला.

४/ आता भाटांकडे वळू. त्यांची कथा ठरलेली असते: १९९१ साली डेन्मार्कच्या विंडेबी येथे समुद्रातील पहिला पवनप्रकल्प उभा राहिला, ११ चक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॅट, मग मनोरे उंच होत गेले, पाती लांब होत गेली. ही राजवंशाची बखर झाली. विंडेबी किनाऱ्यापासून अवघ्या दोनतीन किलोमीटरवर, उथळ पाण्यात होते. खरी परीक्षा त्यापुढे होती.

५/ २००२ साली डेन्मार्कच्याच पश्चिम किनाऱ्यापलीकडे ‘हॉर्न्स रेव’ उभा राहिला: ८० चक्क्या, १६० मेगावॅट आणि भर समुद्रात स्वतंत्र विद्युत उपकेंद्र. दोनच वर्षांत रोहित्रे आणि जनित्रे बिघडू लागली. २००४ साली ऐंशीच्या ऐंशी चक्क्यांचे यंत्रकक्ष उतरवून दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर आणावे लागले. जमिनीवर जे काम एका मालमोटारीने होते, त्यासाठी समुद्रात जहाज, क्रेन आणि शांत हवामान या तिन्हींचा योग जुळावा लागतो.

६/ याहून मूलभूत अडचण केबलमध्येच आहे. आत वाहक, भोवती रोधक आवरण, बाहेर धातूचे वेष्टन: म्हणजे समुद्राखालची केबल हे एक लांबलचक धारित्रच. एसी विद्युतधारा सेकंदाला पन्नास आवर्तने घेते आणि प्रत्येक आवर्तनात हे धारित्र भरते, रिकामे होते. केबल जितकी लांब, तितकी धारा या भरण्यातच खर्ची पडते. साधारण शंभर किलोमीटरपलीकडे उपयुक्त विजेसाठी फारशी जागा उरत नाही.

७/ उपाय जुनाच होता. १९५४ साली स्वीडनने मुख्य भूमीपासून गॉटलंड बेटापर्यंत सुमारे शंभर किलोमीटरच्या सागरी केबलमधून २० मेगावॅट वीज डीसी स्वरूपात नेली. उनो लाम या अभियंत्याने पाऱ्याच्या झडपांवर केलेल्या दीर्घ संशोधनाचे ते फळ होते. डीसीमध्ये धारित्र एकदाच भरते.

८/ मात्र त्या पद्धतीला दोन्ही टोकांस आधीपासून सक्षम वीजजाळे लागे. समुद्रातल्या पवनप्रकल्पापाशी ते कुठून आणणार? नव्या अर्धवाहक परिवर्तकांनी ही अट दूर केली. १९९९ साली याच गॉटलंडवर, बेटाच्या दक्षिणेकडील पवनवीज उत्तरेकडे नेण्यासाठी, ते तंत्र वापरले गेले. पहिल्या पवनचक्कीचे नाव पुष्कळांस ठाऊक असते. लाम यांचे किती जणांस?

९/ हे सारे आपल्यापासून दूरचे नाही. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची, १,५०० मेगावॅटची डीसी वाहिनी १९९९ पासूनच महाराष्ट्राच्या पूर्वेकडील वीज मुंबईच्या दिशेने आणते. कोळशाच्या विजेलाही वाट लागतेच. वाट रखडली म्हणून पवनऊर्जा थोतांड ठरत असेल, तर वाहिनीविना चंद्रपूरचे औष्णिक केंद्रही थोतांडच म्हणावे लागेल!

१०/ परंतु भाट एक प्रश्न नेहमी टाळतात: वाटेला उशीर झाला तर भुर्दंड कोणाचा? २००६ च्या जर्मन कायद्याने समुद्रातील प्रकल्प जोडून देण्याची जबाबदारी वीजजाळे चालवणाऱ्या कंपन्यांवर टाकली. नोव्हेंबर २०११ मध्ये टेनेट या कंपनीने सरकारला पत्राने कळवले की, या गतीने जोडण्या देणे आपल्याला शक्य नाही.

११/ २०१२ च्या अखेरीस कायदा बदलला. जोडणी रखडल्यास अकराव्या दिवसापासून प्रकल्पधारकाला बुडालेल्या उत्पन्नाच्या ९० टक्के भरपाई मिळू लागली आणि तिचा मोठा भाग २०१३ पासून ग्राहकांच्या वीजबिलात अधिभार म्हणून उतरला. ज्याने ना चक्की उभारली ना केबल टाकली, त्यानेही हा भार उचलला.

१२/ जून २०२४ मध्ये आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. समुद्रातील उपकेंद्रापासून वीज किनाऱ्यावर आणण्याचे काम पॉवरग्रिडकडे आहे. म्हणजे जर्मनीप्रमाणेच येथेही चक्की एकाची आणि वाट दुसऱ्याची. उशिराची भरपाई कोण देणार, हे करार होण्याआधी आणि जाहीरपणे ठरले पाहिजे. जर्मनीने तो नियम ठेच लागल्यावर लिहिला. पुढच्यास ठेच लागल्यावर मागच्याने शहाणे व्हावे, ही आपल्याच भाषेतील शिकवण आहे.

१३/ म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी ते चित्र समोर आले तर ना हसा, ना चिडा. केबल कुठे होती, ती कोणी टाकायची होती आणि बिल कोणी भरले, एवढे तीन प्रश्न विचारा. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम तिथूनच सुरू होते.