सुटे भाग निर्दोष. जोडणीची हमी कोणाची?

पिंपरी - पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात तयार होणारी मोटार आता केवळ यंत्र राहिलेली नाही. ब्रेक, इंजिन, एअरबॅग यांसाठी तीत अनेक छोटे संगणक असतात. ते निरनिराळ्या पुरवठादारांकडून येतात आणि सामायिक तारांवरून परस्परांना संदेश धाडतात. प्रत्येक भाग स्वतंत्र चाचणीत उत्तीर्ण झाला, तरी सारे मिळून वेळेवर काम करतील, याची हमी त्यातून मिळत नाही. या उद्योगापुढील कळीचा प्रश्न हाच आहे.

ब्रेकच्या बाबतीत उत्तर अचूक असून भागत नाही; ते ठरलेल्या मिलिसेकंदांत यावे लागते. 'बॉश' कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या 'कॅन' पद्धतीत दोन संदेश एकाच वेळी निघाल्यास अधिक महत्त्वाचा पुढे जातो, दुसरा थांबतो. तो जास्तीत जास्त किती थांबेल, याचे गणित १९९४ मध्ये मांडले गेले. त्यातही त्रुटी असल्याचे संशोधकांनी २००६-०७ मध्ये दाखवून दिले.

चाचणीपट्टीवर काही प्रसंगच तपासता येतात. संदेशांचे संभाव्य क्रम मात्र अगणित असतात. म्हणूनच प्रणालीचे गणिती प्रारूप बांधून त्यातील प्रत्येक शक्यता पडताळण्याची 'औपचारिक पडताळणी' महत्त्वाची ठरते. काळाचे भान असलेल्या अशा प्रारूपांचा पाया पुण्यात जन्मलेले राजीव अलूर आणि डेव्हिड डिल यांनी नव्वदच्या दशकात घातला. टाटा समूहाने १९८१ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या 'टीआरडीडीसी'तही सॉफ्टवेअर पडताळणीवर संशोधन झाले आहे. म्हणजे ज्ञानाची वानवा नाही.

अडचण व्यवहाराची आहे. प्रणाली मोठी होताच शक्यता इतक्या वाढतात की संगणकही थकतो. शिवाय प्रारूप माहितीइतकेच खरे असते आणि आतली रचना उघड करण्यास पुरवठादार सहसा राजी नसतात. २०११ मध्ये आलेल्या 'आयएसओ २६२६२' या मानकात सर्वाधिक जोखमीच्या भागांसाठीही ही पडताळणी शिफारशीपुरतीच आहे.

यावर मध्यममार्ग आहे. कोणता संदेश किती वेळाने निघेल आणि किती विलंब चालेल, एवढे तरी खरेदी करारात लिहून घेता येईल. संपूर्ण गाडीची पडताळणी मोटार कंपनीनेच करावी. तिचा भार भोसरीतील लघुउद्योजकावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. जोडणी ज्याची, जबाबदारीही त्याचीच.