पुसलेली पाटी आणि अर्जातील रकाना

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची सतरा वर्षे पूर्ण केलेली असावीत, असा नियम आहे. म्हणजे ज्या हातात पुढे शस्त्रक्रियेची सुरी यावयाची, तो हात प्रवेशाच्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने बालकाचाच असू शकतो. अशा विद्यार्थ्याकडून पंधराव्या वा सोळाव्या वर्षी एखादा अपराध घडला, बाल न्याय मंडळाने त्याचा निवाडा केला आणि समज देऊन किंवा काही काळ देखरेखीखाली ठेवून त्याला घरी पाठविले, असे समजू या. पुढे प्रवेशाचा, वसतिगृहाचा किंवा नोकरीचा अर्ज समोर येतो आणि त्यात एक रकाना असतो : ‘आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता काय?’ त्या रकान्यापुढे या मुलाने काय लिहावे?

‘होय’ लिहिले तर सारे भविष्य कारकुनाच्या टेबलावर अडण्याची भीती आणि ‘नाही’ लिहिले तर खोटी माहिती दिल्याचा ठपका येण्याची भीती. एका शब्दाच्या उत्तराने मुलाची आणि त्याच्या आईबापांची झोप उडावी, अशी ही स्थिती आहे. प्रश्न वरवर एका विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणाचा दिसतो. वस्तुतः तो प्रश्न विचारणाऱ्याच्या अधिकाराचा आहे.

कायद्याने दिलेले वचन

बालकांच्या अपराधांचा विचार प्रौढांच्या अपराधांहून वेगळा करावा, हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ सालीच झाला होता. साऱ्या देशासाठी १९८६ साली बाल न्याय कायदा आला. २००० साली नव्या कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांसाठीही वयोमर्यादा अठरा वर्षे ठरविली. आणि दिल्लीतील २०१२ च्या अमानुष घटनेनंतर जनमत प्रक्षुब्ध झाले असता २०१५ चा सध्याचा कायदा संमत झाला. हा शेवटचा कायदा कठोरपणाच्या मागणीतून जन्मला, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही त्याने ‘नव्या सुरुवातीचे तत्त्व’ आपल्या मूलतत्त्वांत नोंदविले आहे. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर बालकाची जुनी नोंद पुसली जावी, असे ते तत्त्व सांगते.

हे नुसते सदिच्छेचे वाक्य नव्हे. याच कायद्याच्या कलम २४ नुसार, बालवयातील अपराधाबद्दल ज्याच्यावर या कायद्याखाली कारवाई झाली, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होत नाही. तसेच संबंधित नोंदी नष्ट करण्याचा आदेश देणे मंडळावर बंधनकारक आहे. कलम ७४ नुसार, निकाली निघालेल्या प्रकरणातील बालकाची नोंद पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठीही उघड करावयाची नाही. या कलमाचा भंग करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. अपवाद एकच आहे आणि तो स्पष्ट आहे : सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने किमान सात वर्षे कारावासाची शिक्षा असलेला घोर अपराध केला आणि बालन्यायालयाने प्रौढाप्रमाणे खटला चालवून त्याला दोषी ठरविले, तर मात्र हे संरक्षण त्याला मिळत नाही.

जी गोष्ट पोलिसांनीही सांगू नये असे संसदेने ठरविले, ती महाविद्यालयाने खुद्द त्या मुलाच्याच तोंडून वदवून घ्यावी, यात कोणते शहाणपण आहे?

सात वर्षांची फट

एखादे उदाहरण घेतले म्हणजे अडचण कोठे आहे ते कळेल. तालुक्याच्या गावी दोन शाळांतील मुलांची सामन्यावरून मारामारी झाली आणि एकाचा हात मोडला. मारणारी सारी मुले अल्पवयीन असतील तर अशा प्रकरणात गुन्ह्याची प्रथम खबर नोंदवावयाची नाही. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळापुढे ठेवावयाचा, असे २०१६ चे आदर्श नियम सांगतात. परंतु त्या टोळक्यात एखादा वीस वर्षांचा तरुण सामील असेल, तर त्याच्याबरोबर या मुलांचीही नावे रीतसर खबरीत येतात. मंडळ मुलाला समज देते, काही दिवस समाजसेवेचे काम सांगते आणि प्रकरण संपते.

कागद मात्र संपत नाही. दोषी ठरविल्याच्या नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षे, त्याहून अधिक नव्हे, सुरक्षित ठेवून मग नष्ट कराव्यात, असा नियम आहे. सोळाव्या वर्षी निकाल लागला तर ती नोंद तेविसाव्या वर्षापर्यंत राहू शकते. वैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्षाचे आंतरवासी प्रशिक्षण. म्हणजे प्रवेश, वसतिगृह, शिष्यवृत्ती, पदवी आणि पहिली नोकरी, ज्या ज्या वेळी अर्ज भरावा लागतो, नेमकी तेवढी वर्षे तो कागद कपाटात जिवंत असतो. वचन पाळले जाते, पण त्याची गरज सरल्यानंतर!

रुग्णाचा हक्क

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. डॉक्टर म्हणजे कोणी सामान्य नोकरदार नव्हे. लोक त्याच्यापुढे आपले शरीर उघडे करतात, आपली गुपिते सांगतात, शुद्ध हरपलेल्या अवस्थेत त्याच्या स्वाधीन होतात. अशा माणसाचे पूर्वचरित्र जाणण्याचा हक्क समाजाला का नसावा? इंग्लंडने या प्रश्नाचे उत्तर वेगळे दिले आहे. तेथील १९७४ च्या कायद्याने ठराविक मुदतीनंतर जुनी शिक्षा इतिहासजमा मानण्याची सोय केली. पण १९७५ च्या आदेशाने डॉक्टरीसारख्या व्यवसायांना त्या सवलतीतून वगळले. विद्यापीठ प्रवेशाच्या तेथील मध्यवर्ती संस्थेने २०१८ साली बहुतेक अभ्यासक्रमांच्या अर्जातून शिक्षेविषयीचा प्रश्न काढून टाकला. वैद्यकासारख्या अभ्यासक्रमांसाठी मात्र तो ठेवला. तथापि त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली, बालवयात मिळालेली ताकीद आपोआप उघड करण्याची पद्धत प्रमाणाबाहेर असल्याचे ठरविले आणि नोव्हेंबर २०२० पासून ती बंद झाली. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात गंभीर गुन्ह्याबद्दल विचारणा होते. पण बाल न्यायालयाने हाताळलेले अपराध त्या प्रश्नातून स्पष्ट शब्दांत वगळलेले आहेत. तात्पर्य, जेथे डॉक्टरच्या पूर्वचरित्राची कसून तपासणी होते, तेथेही बालपण आणि प्रौढपण यांत फरक केला जातो.

आता खुद्द आक्षेपाचा विचार करू. पंधरा वर्षांच्या मुलाचा अपराध खरोखर भयंकर असू शकतो आणि त्याची नोंदही कायद्याने पुसली जाते. एखाद्या रुग्णाच्या बापाला हे पटणार नाही आणि त्याला दोष देता येणार नाही. परंतु अर्जातील रकान्याने त्याच्या मुलीचे रक्षण होते काय? रकान्यात सापडतो तो पूर्वी पकडला गेलेला आणि खरे बोलणारा. जो पकडला गेला नाही किंवा ज्याच्या वडिलांनी वजन खर्चून प्रकरण पोलीस ठाण्याच्या ओट्यावरच मिटविले, तो या चाळणीतून अलगद निसटतो. मंडळापर्यंत पोहोचतो तो बहुधा गरिबाचा, वशिला नसलेल्याचा मुलगा. रुग्णाचे खरे रक्षण साडेपाच वर्षांच्या शिक्षणात होणाऱ्या पारखेने, तपासणीच्या वेळी परिचारिकेच्या उपस्थितीने, तक्रारीची तत्काळ दखल घेतल्याने आणि दोषी डॉक्टरचे नाव वैद्यक परिषदेच्या नोंदवहीतून काढण्याच्या अधिकाराने होते. हे उपाय सर्वांना सारखे लागू पडतात. ज्यांचे पाप कोठेच नोंदले गेले नाही त्यांनाही.

सत्य कोणाला सांगावयाचे?

दुसरा आक्षेप नीतीचा आहे. ज्याने व्यवसायाच्या उंबरठ्यावरच माहिती लपविली, त्याच्या शब्दावर रुग्णाने विश्वास कसा ठेवावा? हा आक्षेप ऐकताना बिनतोड वाटतो. पण असत्य आणि मौन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला विचारण्याचा अधिकार आहे त्याला खोटे उत्तर देणे हा दोष खराच. ज्या प्रश्नाला कायद्याने पूर्णविराम दिला, त्यावर न बोलणे हा दोष नव्हे. शिवाय असा रकाना ठेवल्याने प्रामाणिकपणाची परीक्षा होत नाही. खरे सांगणारा दंडित होतो आणि धूर्त उत्तीर्ण होतो. ज्या परीक्षेत सचोटीला शिक्षा आणि चलाखीला बक्षीस मिळते, ती परीक्षा चारित्र्याची कशी म्हणावी?

न्यायालयांचा कलही याच दिशेचा आहे, मात्र बहुतेक निकाल नोकरीच्या प्रकरणांतील आहेत. दिल्ली पोलिसांतील भरतीच्या एका प्रकरणात, तरुणपणी घडलेली चूक अर्जात न सांगणाऱ्या उमेदवाराला सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली क्षमा केली. त्या निकालपत्रात व्हिक्टर ह्यूगोच्या जाँ व्हालजाँची आठवण काढलेली आहे. २०१६ साली ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने बजावले की, उमेदवाराने खरी माहिती दिलीच पाहिजे. पण प्रश्न नेमका असला पाहिजे, मोघम नव्हे, आणि जे नेमकेपणाने विचारले तेवढेच सांगणे बंधनकारक आहे. २०१९ साली याच न्यायालयाने स्पष्ट केले की, बालवयातील अपराधाचा कलंक पुसला जाऊन मुलाला समाजात सामान्य माणूस म्हणून परतता यावे, हाच बाल न्याय कायद्याचा रोख आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर २०२१ साली, बालवयातील खटल्याची माहिती देण्याची सक्ती करणे हे घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या खाजगीपणाच्या हक्काचे उल्लंघन ठरते, असा निर्णय दिला.

करावयाचे काय?

याचा अर्थ विद्यार्थ्याने डोळे मिटून ‘नाही’ लिहावे, असा नव्हे. प्रकरण प्रलंबित आहे की निकाली, अपराध अठरा वर्षांच्या आतला आहे की नंतरचा, निवाडा मंडळाने केला की प्रौढाप्रमाणे खटला चालला, हे आधी कागदपत्रांवरून पाहिले पाहिजे. अठरानंतरच्या गुन्ह्याला हे संरक्षण नाही. तेथे विचारलेले खरे सांगणे, हाच मार्ग. रकान्यातील शब्दही नीट वाचावेत, कारण अटक, खटला आणि दोषसिद्धी या तीन भिन्न गोष्टी आहेत. प्रतिज्ञापत्रावर सही करण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. मुलांना तेथे कायद्याचा सल्ला विनामूल्य मिळतो. गावगप्पांच्या आधारे घेतलेला निर्णय दोन्ही बाजूंनी घातक ठरतो.

पण सारा भार सतरा वर्षांच्या मुलावर टाकणे अन्यायाचे आहे. प्रश्न कसा विचारावा, याचा नमुना वैद्यकीय महाविद्यालयांतच उपलब्ध आहे. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रात विद्यार्थ्याला एवढेच विचारले जाते की, रॅगिंगबद्दल दोषी ठरून त्याला कोणत्या संस्थेतून काढले वा प्रवेशास मनाई केली होती काय. विषयाला धरून, नेमका, सहाध्यायांच्या सुरक्षिततेशी थेट संबंध असलेला हा प्रश्न आहे. उलट ‘कधी काही गुन्हा?’ हा मोघम रकाना अनेकदा कोणी विचारपूर्वक घातलेला नसतो. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यातून तो उचलला जातो, दरवर्षी जुना अर्ज पुढे ठेवून नवा छापला जातो आणि त्या ओळीने कोणाचे आयुष्य अडते, याचा विचार करण्यास कोणाला सवड नसते.

तेव्हा जेथे असा रकाना असेल, तेथे त्याच्याखाली एक ओळ छापावी : ‘अठरा वर्षांखालील वयात घडलेल्या व बाल न्याय मंडळाने निकाली काढलेल्या प्रकरणाची माहिती येथे देऊ नये.’ याला ना वेगळा निधी लागतो, ना नवा कायदा. नोंदी मुदतीत नष्ट झाल्या की नाही, याचा हिशेब मंडळांकडून शासनाने दरवर्षी मागवावा. शाळेच्या मुख्याध्यापकांनी वर्तणुकीचा दाखला देताना मुलाचे वर्गातील वर्तन लिहावे, पोलीस ठाण्याचा इतिहास नव्हे. आणि अर्ज तपासणाऱ्या कारकुनाच्या नजरेस चुकून असा कागद आलाच, तर त्याची चर्चा चहाच्या टेबलावर होऊ नये.

संसदेने मुलाची पाटी पुसण्याचे वचन दिले आहे. ते दिल्लीत दिले गेले असले, तरी पाळले जाते की मोडले जाते, हे तालुक्याच्या शाळेत आणि महाविद्यालयाच्या प्रवेश खिडकीवरच ठरणार आहे.