दोन घोट आणि आडवी बाटली

मागच्या महिन्यात पुण्याला भाचीकडे गेले होते. रात्री जेवणाच्या टेबलावर जावईबापूंनी काळपट लाल बाटली आणून ठेवली. ‘मावशी, ऑस्ट्रेलियाची वाइन आहे. शिराझ आणि कॅबरने, दोन जातींच्या द्राक्षांची मिळून केलेली. स्वस्तातली आहे हं, अकराशेची!’ अकराशे आणि स्वस्त? एवढ्यात आमच्या घरचं महिन्याचं तेल येऊन वर चहापत्तीसुद्धा येते!

आता मैत्रिणींनो, मी कोण? तर एकेकाळी गावोगावी ‘आडवी बाटली’साठी फिरलेली बाई. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दारूचं दुकान बंद होतं, हे दारोदार जाऊन सांगितलेली. मग मी तो ग्लास हातात घ्यावा का? घेतला. दोन घोट.

पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं. जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी बसते, तसा तुरटपणा. दुसऱ्या घोटाला मागून मिरीसारखा झणका लागला. भाची म्हणाली, तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो, लाल रंगही सालीचाच. काळ्या द्राक्षाचा नुसता रस बहुतेक वेळा पांढुरकाच निघतो. शिराझची मिरी आणि कॅबरनेचा तुरटपणा एकमेकांना सांभाळून घेतात. म्हटलं, म्हणजे आपली थालिपिठाची भाजणीच की! एकच धान्य जड झालं की बिघडते.

आणि ही ‘स्वस्त’ बाटली आपल्याकडे एवढी महाग का? परदेशी वाइनवर बरीच वर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, तेव्हा महागड्या बाटल्यांवरचं शुल्क उतरलं. पाच डॉलरच्या आतल्या बाटलीला मात्र सवलत नव्हती. म्हणजे तिथली साधी बाटली इथे येऊन मिरवते!

घरी परतल्यावर भिशीत हे सगळं सांगितलं. क्षणभर सगळ्या गप्प. मग एकीने हळूच विचारलं, ‘हृदयाला चांगली असते ना गं?’ दुसरी म्हणाली, ‘आमचे हे म्हणतात, वाइन म्हणजे दारू नव्हेच.’ तिसरी काही बोलली नाही, पण तिची नजर बोलली: तू? आणि वाइन?

पहिल्या दोघींना सांगते. बिअरमध्ये साधारण ५ टक्के अल्कोहोल असतं, या लाल वाइनमध्ये १३-१४ टक्के. तेव्हा ती दारूच. आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. स्तनाच्या कॅन्सरचा धोकाही तिने वाढतो. औषध म्हणून कुणी ग्लास पुढे केला तर फसू नका.

आणि तिसरीला? बाई गं, आपण बाटली आडवी केली ती पगार घरी येईना म्हणून, रात्री मार बसे म्हणून. रोज पिऊन येणाऱ्याचं चारित्र्य कुणी काढत नाही, मग बाईच्या दोन घोटांनी ते कसं बुडतं? उद्या भाचीच्या घरी रोज बाटली उघडायला लागली, तर तिलाही मी तेच विचारीन जे गावातल्या पुरुषांना विचारलं होतं. मोजमाप दोघांना एकच हवं.

त्या रात्री जावईबापू ग्लास पुन्हा भरायला आले, तेव्हा मी त्यावर हात ठेवला. ‘पुरे.’ त्यांनी लगेच बाटली बाजूला ठेवली, आग्रह केला नाही. चाखलं तर लपवावं लागू नये, आणि नको म्हटलं तर कुणी हसू नये. एवढं प्रत्येकीच्या घरात असावं, बस्स. मग भाचीने गरम भाकरी वाढली, आणि खरं सांगू? ती त्या अकराशेच्या बाटलीपेक्षा गोड लागली.