गीतकाराचा वाटा

पनवेल परिसरात हळदीच्या मांडवात आगरी-कोळी गीते वाजतात. हीच गीते आता मोबाइलवरही ऐकली जातात, आणि वर्गणी व जाहिरातींतून त्यांवर पैसा उभा राहतो. ज्याने शब्द रचले त्याच्या घरी त्यातले काय पोहोचते, हा खरा प्रश्न आहे.

चित्रपटासाठी मोबदला देऊन लिहवून घेतलेल्या गीताचा मालक, करारात वेगळे ठरले नसेल तर, निर्माताच, असे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. हा अन्याय दूर होण्यास ३५ वर्षे लागली. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरील मानधनात गीतकार-संगीतकारांना समान वाटा दिला. वारस किंवा हक्कसंस्था यांखेरीज तो कोणालाही देता येत नाही. एकरकमी पैसे देऊन सर्व हक्क लिहून घेणारा करार या वाट्यापुरता निरर्थक आहे.

परंतु कायद्यातला हक्क आपल्या पायांनी घरी येत नाही. २०१७ मध्ये नव्याने नोंदलेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था ध्वनिसेवांकडून रक्कम वसूल करून सभासदांत वाटते. जो सभासद नाही, ज्याची गीते नोंदलेली नाहीत, त्याच्या नावावर काहीच जमा होत नाही. खेड्यापाड्यांतला गीतकार नेमका येथेच नागवला जातो.

गिरणी कामगाराला हक्क मिळाले ते संघटनेच्या बळावर. शब्दांचे कष्टकरी याला अपवाद नाहीत. पनवेलच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या गीतकारांना गाठावे आणि नोंदणीचे काम हाती घ्यावे.